संघटनेतल्या पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, घोषणा द्यायच्या की अर्ज लिहायचे?

हार्बरवाली
नमस्कार मंडळी. मी कुर्ल्याची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमची विद्यार्थी संघटना लहानशी, ४३ सभासद. खोली नाही, कँटीनमागच्या कट्ट्यावर बैठक. त्यातल्या ११ जणांचे महाडीबीटीचे (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचे) अर्ज अडकलेत. कॉलेजच्या खिडकीवर म्हणतात "वरून आलं नाही", समाजकल्याणला गेलं की "तुमच्या कॉलेजकडेच पेंडिंग दिसतंय". ओबीसीतल्या एका मुलीकडून तर अ‍ॅडमिशनला पूर्ण फी घेतली, तिच्या आईने कानातले गहाण ठेवले. आमचा अध्यक्ष म्हणतो गेटवर बसू. मी सेक्रेटरी, मला कळत नाहीये. आणि सभासदांना आणखी कुठल्या योजना सांगू?

लोअर_परळचा_बंड्या
बसा गेटवर. त्याशिवाय कोणी हलत नाही.

माजी_सेक्रेटरी
बंड्या, आम्ही बसलो होतो. दोन तास. प्राचार्यांनी चहा पाजला आणि "लेखी द्या" म्हणाले. लेखी द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. कोणाचा अर्ज कुठे अडकलाय हेच माहीत नाही, तर मागणार काय?

हार्बरवाली, आधी एक वही घे. प्रत्येकाचं नाव, अर्ज क्रमांक, योजना आणि स्टेटस: क्लार्क लॉगिन (कॉलेजच्या क्लार्ककडे), प्रिन्सिपल लॉगिन (प्राचार्यांकडे), सेंड बॅक (चूक काढून परत पाठवलाय) की पैसे सुटलेत. हे ज्याने त्याने स्वतःच्या लॉगिनमधून तुझ्यासमोर उघडून दाखवायचं. "भरलाय ना मी" यावर विश्वास ठेवू नकोस.

आमचा एक चिपळूणकडचा पोरगा होता. स्टेटसला पैसे जमा, पासबुकात शून्य. तीन महिने कॉलेजला शिव्या घालत होता. शेवटी करी रोडला झेरॉक्सच्या दुकानात बसून आधारच्या साइटवर बँक सीडिंग (आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते) बघितलं, तर आधार जोडलेलं गावच्या बँकेतल्या खात्याला! आठवीत शाळेने उघडून दिलेलं. पासबुक आजीच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत, आणि त्या खात्याला नोंदवलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद. पैसे मात्र तिथे मुकाट पडून होते. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधार ज्याला जोडलंय त्यात जातो. सिम घेताना नकळत उघडलेलं पेमेंट्स बँकेचं खातंही निघतं कधीकधी. तेव्हा अकराही जणांचं सीडिंग आधी बघ.

कानातल्यांचं वाचून वाईट वाटलं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काढा. कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी हे ५० टक्के होतं. त्याची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे एक पानी पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासकट पोच घ्या. पोच नसली तर पत्र दिलंच नाही असं समजा. महिन्यात काही हललं नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "अर्ज अमुक, कोणत्या तारखेपासून कोणाकडे प्रलंबित", एवढंच विचारा. भाषण नको.

योजनांचं म्हणशील तर अनुसूचित जातीच्या ज्या पोरांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही, त्यांना स्वाधार (राहण्या-जेवण्याच्या खर्चाची योजना) सांग. मुंबईत वर्षाला ६०,००० मिळतात. चेंबूरच्या प्रशासकीय इमारतीत चौकशी करा. अल्पभूधारक शेतकऱ्यांची किंवा नोंदणीकृत मजुरांची मुलं बाहेरगावाहून येऊन राहत असतील तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. आमच्या वेळी हे कोणी सांगितलंच नाही, निम्मी पोरं कॉटबेसिसवर (नुसती खाट भाड्याने घेऊन) राहून कॅटरिंगला जायची.

खिडकीच्या_आतला
मी दुसऱ्या एका कॉलेजात क्लार्क. आमच्याकडे दोघांत आठशे अर्ज, त्यात साइट दुपारनंतर रडते. चाळीस जण एकदम आले की मी पण "वरून आलं नाही" म्हणतो, खोटं कशाला बोलू. अकरा नंबरांची यादी घेऊन एकानेच सकाळी यावं, मी समोर बसून बघतो. आणि सेंड बॅक झालं की कारण तिथेच लिहिलेलं असतं, पोरं उघडून बघत नाहीत. बहुतेक वेळा उत्पन्नाचा जुना दाखला (एक वर्षाचा असेल तर ३१ मार्चला संपतो) नाहीतर लोकलमध्ये उभ्याउभ्या काढलेला धूसर फोटो.

हार्बरवाली
काल कट्ट्यावर सगळ्यांचे लॉगिन उघडले. ११ पैकी ५ सेंड बॅक. दोघांचं आधार भलत्याच खात्याला. आणि एकाने अर्ज सबमिटच केला नव्हता, नुसता ड्राफ्ट. तो आमचा अध्यक्ष.

कानातलेवालीचं पत्र सोमवारी देतोय. पोचेवर आवक क्रमांकाबरोबर सही-शिक्का पण लागतो का?

माजी_सेक्रेटरी
लागतो. तारीखही घालून घे.