कार्बन नॅनोट्यूबचा रामन वर्णपट: ७८५ लेसरवर २६७ चं शिखर पावडरमध्ये उंच, द्रावणात जवळपास गायब. बारीक नळ्या गेल्या कुठे?

रामनभक्त:
हिपको (उच्च दाबाखाली कार्बन मोनॉक्साइडपासून बनवलेल्या) एकभिंती कार्बन नळ्या, ७८५ नॅनोमीटर लेसर. कोरड्या पावडरीत आरबीएम (नळी श्वासासारखी फुगण्या-आकसण्याचं कंपन, व्यासावर अवलंबून) पट्ट्यात २६७ सेमी⁻¹ सगळ्यात उंच, २३४ जेमतेम. त्याच लॉटचं १% एसडीएसमधलं (सोडियम डोडेसिल सल्फेट, एक साबण), सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी नळ्या सुट्या करून) सेंट्रिफ्यूज केलेलं द्रावण मोजलं तर नेमकं उलट. २४८/व्यास या सूत्राने २६७ म्हणजे ०.९३ नॅनोमीटर, २३४ म्हणजे १.०६. मग बारीक नळ्या तळाला बसल्या असं धरायचं का? शिवाय जी-बँड (कार्बन-कार्बन बंध ताणण्याच्या कंपनाचं शिखर) पावडरीत १५८४ वर, द्रावणात १५९१ वर. हा ताण की डोपिंग (बाहेरून आलेला विद्युतभार)?

साबणपाणी:
नळ्या कुठेही गेलेल्या नाहीत, त्यांच्या जुड्या सुटल्यात.

२६७ ची नळी (१०,२); हे दोन आकडे म्हणजे कार्बनचा थर कसा गुंडाळला त्याची खूण. साबणात सुटी असताना तिचं दुसरं संक्रमण (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनने घेतलेली उडी) ७३७ नॅनोमीटरला असतं, म्हणजे १.६८ इव्ही. तुमचा लेसर १.५८ चा. एवढ्या अंतरावर रेझोनन्स (लेसर आणि संक्रमणाचा मेळ, ज्याने शिखर उंचावतं) पडतो फिका. जुडीत शेजारच्या नळ्यांमुळे संक्रमण लालकडे सरकतं, थेट ७८५ च्या टप्प्यात येतं आणि शिखर उसळतं. २३४ च्या आसपासच्या (११,३), (१२,१) यांची संक्रमणं सुट्या अवस्थेत ७९०-८०० ला. त्या जुडीत गेल्या की लेसरपासून लांब पडतात. म्हणून २६७ ची उंची ही जुड्या किती आहेत याची खूण समजतात. एका लेसरवरच्या आरबीएमच्या उंचीवरून व्यासांचं वाटप काढू नका, कितीही मोह झाला तरी.

आणि सूत्र बदला. २४८/व्यास हे सिलिकॉन ऑक्साइडवरच्या एकेकट्या नळ्यांचं. साबणातल्या नळ्यांना २२३.५/व्यास + १२.५ लावा. २६७ ला ०.८८ येतं, (१०,२) चा भूमितीतून निघणारा व्यास ०.८७. जुळलं.

थंड_लेसर:
जी-बँडचं उत्तर बहुतेक साधं आहे: पावडर भाजतेय. काळा, हलका ढीग, उष्णता वाहून न्यायला आजूबाजूला फक्त हवा. ५०एक्स भिंगाखाली एक मिलिवॅटसुद्धा चौरस सेंटीमीटरला लाखभर वॅटच्या घरात जातो. जी-बँड अंशाला साधारण ०.०२ ते ०.०३ सेमी⁻¹ खाली उतरतो, म्हणजे तुमचे ७ सेमी⁻¹ ही सव्वादोनशे ते साडेतीनशे अंशांची वाढ.

फिल्टर लावून पॉवर दहावा हिस्सा करा, मोजणीचा वेळ दहापट. शिखर १५९० कडे परतलं तर तापच होता. मग पॉवर पुन्हा वाढवून त्याच जागी मोजा. आरबीएममधलं एखादं शिखर कायमचं खाली गेलं, तर त्या नळ्या हवेत जळाल्या, जागा बदला. ताण-डोपिंगची चर्चा त्यानंतर. आधी सिलिकॉनच्या ५२०.५ वर कॅलिब्रेशन तपासलं असेलच. फक्त नमुना सिलिकॉनवर असेल तर ३०३ ला सिलिकॉनचंच एक शिखर असतं, ते आरबीएम म्हणून मोजू नका.

रामनभक्त:
पॉवर दहावा हिस्सा केल्यावर पावडरीचा जी १५९० वर आला. आभार. पण नवीन घोळ: द्रावण गडद होतं म्हणून डिस्टिल्ड पाण्याने दहापट पातळ केलं, उरलेलं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. दोन्हींत २६७ परत वर!

साबणपाणी:
दोन्हीकडे साबणाने दगा दिला. १% एसडीएस म्हणजे साधारण ३५ मिलिमोलर. दहापट पातळ केल्यावर ३.५. मायसेल (साबणाच्या रेणूंचे पुंजके) टिकायला ८ लागतात. त्याखाली साबण नळ्यांवरून निघतो आणि जुड्या पुन्हा बांधल्या जातात. पातळ करायचं तर १% एसडीएसच्याच पाण्याने.

फ्रिजमध्ये ४ अंशांना एसडीएस पांढऱ्या सुयांसारखं बाहेर पडतं. बाटलीच्या तळाशी बघा, दिसतील. सोनिकेटरच्या बर्फाच्या भांड्यातही हेच होऊ शकतं, म्हणून एसडीएससाठी १८-२० अंशांचं फिरतं पाणी बरं. बर्फच वापरायचा असेल तर एसडीएसऐवजी सोडियम डीऑक्सिकोलेट हा दुसरा साबण घ्या. सुया विरघळवल्या तरी जुड्या आपोआप सुटत नाहीत, नमुना पुन्हा सोनिकेट आणि सेंट्रिफ्यूज करावा लागेल.