३.७ इंची तोफ रणगाड्यांपुढे का उभी राहिली नाही?

सह्यकडा
दुसऱ्या महायुद्धात, १५ जून १९४१ रोजी, ब्रिटिशांच्या 'बॅटलॅक्स' मोहिमेच्या पहिल्याच सकाळी, इजिप्तच्या सीमेवरील हलफाया खिंडीवर चालून गेलेले ब्रिटिश माटिल्डा रणगाडे जर्मनांच्या मोजक्या ८८ मिमी तोफांनी एकामागून एक निकामी केले. या तोफा मूळच्या विमानविरोधी, आणि ३३ व्या फ्लाक रेजिमेंटची ती तुकडी हवाईदलाची. तरीही ती आफ्रिकेतील जर्मन सेनापती रोमेलच्या हुकुमाखाली लढली. माटिल्डाचे ७८ मिमीचे पुढचे चिलखत त्या काळी फारशा तोफांना दाद देत नसे. त्याच वेळी ब्रिटिशांकडे ३.७ इंची, म्हणजे ९४ मिमीची फिरती तोफ होती. तिचा गोळा १२.७ किलोचा, ८८ च्या गोळ्याहून चांगला तीन किलोंनी जड. ती बंदरांच्या राखणीतच अडकून पडली. माझ्या मते हा दोष तोफेचा नाही, तिची वाटणी करणाऱ्यांचा आहे.

नेमबाज
आपले मत वाचायला आकर्षक वाटते, पण तोफेजवळ उभे राहून पाहिल्यास टिकत नाही. ३.७ इंचीवरचे तोफची विमानाकडे पाहतच नसत. विमान पुढे कुठे असेल याचा हिशेब करणाऱ्या प्रेडिक्टर यंत्राकडून येणाऱ्या काट्यावर आपला काटा जुळवणे, हेच त्यांचे काम. रणगाड्यावर थेट नेम धरण्याची दुर्बीण या तोफेला मुळात नव्हती. प्रवासातले तिचे वजन नऊ टनांच्या वर, तर ८८ चे सुमारे सात. शिवाय जर्मनांनी स्पेनच्या यादवीतच ८८ जमिनीवरील लक्ष्यांवर वापरून पाहिली होती, त्यामुळे चिलखतभेदी गोळे आणि सराव दोन्ही त्यांच्या गाठीशी होते. आणि बंदरांची राखण ही काही चैन नव्हती. १९४१ च्या वेढ्यात लिबियातील तोब्रुकचे बंदर जर्मन स्टुका बॉम्बफेकी विमानांच्या माऱ्याखाली चालू राहिले, ते याच जड तोफांच्या जोरावर.

सह्यकडा
दुर्बीण बसवता येते, गोळे बनवता येतात. ८८ तरी जन्मतः रणगाडाविरोधी कुठे होती? मे १९४० मध्ये फ्रान्समधील आरासजवळ रोमेलने ती ऐनवेळी माटिल्डांपुढे उभी केली, तेव्हाच ब्रिटिशांना हा धडा मिळाला होता. त्यानंतर वर्षभर हातात असूनही त्यांच्या पायदळाचा आणि रणगाड्यांचा भार ४० मिमीच्या दोन-पौंडी तोफेवरच राहिला, याचे समर्थन कसे करणार?

जुनी वही
आपल्या दोघांच्या वादात खिंडीच्या पायथ्याशी असलेले लोक राहून गेले. हलफायावर खालच्या बाजूने चाल करणाऱ्या ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, म्हणजे २/५ मराठा, होती. सोबतचे रणगाडे सुरुंगांवर अडकले, की पायदळाने उघड्या उतारावर करायचे काय? वर्षभराने, २० जून १९४२ रोजी, हीच पलटण तोब्रुकच्या आग्नेय कडेला होती आणि जर्मन रणगाडे नेमके तिच्याच हद्दीतून आत घुसले. तेव्हा आतल्या ३.७ इंची तोफांनी त्यांच्यावर समोरासमोर मारा केला खरा, पण फळी फुटल्यानंतर. म्हणजे तोफेला ते जमत होते, हे सह्यकडा यांचे म्हणणे मला पटते. मात्र त्यासाठी ती आधीपासून पलटणीच्या पाठीशी मांडलेली हवी होती. मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या केंद्रातून गेलेल्या त्या जवानांच्या दृष्टीने माझा आक्षेप एवढाच आहे.

नेमबाज
तोब्रुकचा दाखला मान्य. पण आधीपासून मांडायच्या तर त्या कुठून काढायच्या? अलेक्झांड्रियाहून की सुएझहून? याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. दुसरे असे की हलफायावर ८८ फिरतीच नव्हती. ती जमिनीत इतकी पुरली होती की नळी तेवढी वर दिसे. हे उंच धूड उघड्यावर ठेवले असते तर ते सहज टिपले गेले असते. म्हणजे त्या दिवशी यश मिळवून दिले ते खड्ड्यांनी आणि तिथले जर्मन अधिकारी कॅप्टन बाख यांनी जवळ येईपर्यंत मारा रोखून धरल्याने.

सह्यकडा
खड्डे इंग्रजांनाही खणता आले असते! मात्र बंदरांबाबतचा आपला प्रश्न रास्त आहे. सगळ्या तोफा काढा, असे मी म्हणत नाही. एक बॅटरी, म्हणजे आठ तोफा, एवढीच माझी मागणी आहे. त्या हलफायासमोर कामी आल्या नसत्या, कारण तिथे चाल करून जाणारे ब्रिटिशच होते. पण १७ जूनला जर्मन रणगाडे वळसा घालून उलटे आले आणि ब्रिटिशांना घाईघाईने माघार घ्यावी लागली, तेव्हा त्या वाटेवर आठ ३.७ इंची तोफा पुरलेल्या असत्या तर काय झाले असते, एवढे सांगा.