घोरणं थांबवायला काय करू? बायको हॉलमध्ये झोपायला लागलीये

नमस्कार मंडळी, हसण्यावारी नेऊ नका, खरंच वैताग झालाय. वय ४७, वजन ९१, उंची साडेपाच फूट. घोरणं आमच्याकडे खानदानी, वडील घोरायचे ते शेजारी ऐकू जायचं, त्यामुळे मी कधी मनावर घेतलं नाही. पण मे महिन्यात भाचीच्या लग्नाला कार्यालयात पुरुष मंडळी ओळीने गाद्या टाकून झोपलो होतो, सकाळी उठतो तर माझ्या दोन्ही बाजूच्या गाद्या रिकाम्या, सगळे गच्चीवर!

करून बघितलं बरंच. आई म्हणाली म्हणून नाकात तूप सोडलं, नाकावर पट्ट्या लावल्या, ऑनलाइन एक क्लिप मागवली (दुसऱ्याच रात्री कुठे गेली ती अजून सापडली नाही). त्यातल्या त्यात फरक पडतो कुशीवर झोपलं की, म्हणून जुन्या टीशर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिस बॉल घातला, उताणा झालो की टोचतो. तर पहाटे टीशर्ट खाली जमिनीवर, मी कधी काढला तेच आठवत नाही. शनिवारी दोन पेग झाले तर विचारूच नका.

आता खरं कारण. बायकोने मोबाइलवर रेकॉर्ड केलं ते ऐकलं. आधी हसू आलं, पण मधेच आवाज एकदम बंद, काहीच नाही, मी घड्याळ लावून मोजलं तर २२ सेकंद, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास. ती म्हणते घोरण्याची सवय झालीये रे, तू गप्प झालास की मी उठून बसते. सकाळी डोकं जड, मीटिंगमध्ये डुलक्या, बीपीची गोळी चालू आहेच. स्लीप स्टडी (झोपेत श्वास तपासतात ती टेस्ट) कोणी केलीये का? अ‍ॅडमिट व्हावं लागतं?

प्रतिसाद : दादा, क्लिपा-बिपा सोडा, ते रेकॉर्डिंग आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ऐकवा. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की तो मोजतात, तासाला ५ च्या आत असेल तर ठीक, ३० आणि वर म्हणजे सिव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास थांबण्याचा आजार. माझे ३८ निघाले होते. टेस्ट घरीच झाली, बोटाला ऑक्सिमीटर, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी. आता सीपॅप मशीन लावतो, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. पहिले १५ दिवस मास्क फेकून द्यावासा वाटला, मिशीतून हवा लीक व्हायची, शेवटी मिशी गेली. झोपेची गोळी मनाने घेऊ नका, घसा अजून सैल पडतो, पेगचंही तेच. आणि डुलक्या येतायत तोवर लांबचं ड्रायव्हिंग नको.

धागाकर्ता : धन्यवाद, शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतली. मिशीचं अजून घरी बोललो नाही. रेकॉर्डिंग बायकोने स्वतःच्याच फोनमध्ये ठेवलंय, म्हणते तुझ्याकडे दिलं तर डिलीट करशील.