किराणा दुकानात कॅशियरशिवाय बिलिंग, स्वस्तात कसं जमवायचं?

सांगलीचा_ईएनटीसीवाला:
मंडळी, बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, संध्याकाळी नुसती झुंबड असते आणि गल्ल्यावर ते एकटेच. माझं शेवटचं वर्ष आहे तर प्रोजेक्ट म्हणून अ‍ॅमेझॉन गो सारखं काहीतरी करायचं डोक्यात आहे, म्हणजे वस्तू घ्या आणि चालू पडा, पैसे आपोआप कटणार. रास्पबेरी पाय (छोटुसा कॉम्प्युटर), तीन-चार कॅमेरे, चित्रातली वस्तू ओळखणारं योलो मॉडेल, बजेट तीसेक हजार. जमेल का?

पिक्सेलपंत:
तीस हजारात डेमो होईल, दुकान नाही चालणार. अ‍ॅमेझॉनने 2018 ला सिअ‍ॅटलमध्ये पहिलं दुकान उघडलं तेव्हा छतभर कॅमेरे होते आणि फळ्यांखाली वजनाचे सेन्सर पण होते, नुसत्या कॅमेऱ्यावर त्यांनीही भरवसा ठेवला नाही. वर व्हिडिओ तपासायला आणि लेबल करायला भारतात माणसं बसवलेली, आणि 2024 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या 'फ्रेश' किराणा दुकानांतून ही सिस्टिम काढायची ठरवून स्मार्ट ट्रॉलीवर आले. तुझ्याकडे तर पाच रुपयाचा आणि दहा रुपयाचा पुडा दिसायला सेम, त्यात गिऱ्हाइकाचा हात आडवा. आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग) म्हणशील तर डिकॅथलॉनमध्ये टोपलीत टाकलं की बिल होतं, पण कपड्याला टॅग परवडतो, पाच रुपयाच्या बिस्किटाला काय लावणार? तेलाच्या पिशवीवर आणि पत्र्याच्या डब्यावर साधा टॅग धड वाचलाही जात नाही.

वाणीदादा_बार्शी:
मी स्वतः दुकानदार, म्हणून विचारतो, तुमच्याकडे गिऱ्हाईक आत येतं का? आमच्याकडे काउंटरच्या बाहेरून "अर्धा किलो साखर, पावशेर शेंगदाणे" असं चालतं. पैसे घ्यायला आता वेळ लागतच नाही हो, क्यूआर आहे, स्पीकर बोलतो. वेळ जातो तो जोखायला, पुडी बांधायला आणि माळ्यावरून डबा काढायला. आणि निम्मं गिऱ्हाईक "वहीत लिहा" म्हणणारं, ते तुमचा कॅमेरा कसं लिहिणार? आधी वडिलांना साखर, डाळी, पोहे दुपारीच अर्धा-एक किलोच्या पिशव्या भरून ठेवायला सांगा, निम्मी गर्दी तिथेच कमी होईल. (पिशवीवर वजन आणि किंमत टाकायला विसरू नका, वैधमापनवाले येतात.)

सांगलीचा_ईएनटीसीवाला:
दादा हे पटलं, पण मग प्रोजेक्टचं काय करू 😅 रात्री दुकान बंद झाल्यावर दूध-ब्रेडला लोक बेल वाजवतात, तिथे काही होईल का?

लोडसेल_लंबोदर:
हाच खरा प्रोजेक्ट! काचेच्या दाराचा फ्रीज घे, इलेक्ट्रिक कुलूप लाव, प्रत्येक ट्रेखाली लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग आकड्यात देणारी एचएक्स711 चिप, डोक्याला ईएसपी32 कंट्रोलर. सेन्सरचा सगळा माल पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, फार महाग नाही. एका ट्रेवर एकच वस्तू ठेवायची म्हणजे ओळखायची भानगडच नाही, वजन किती घटलं भागिले एका नगाचं वजन, झालं बिल. दार उघडायच्या आधी एकदा आणि बंद झाल्यावर एकदा रीडिंग घे, दोन्हींचा फरक काढ. लोडसेलचा शून्य थंडीने सरकत राहतो म्हणून जुन्या शून्यावर विसंबू नकोस, आणि कॉम्प्रेसर चालू असला की आकडे नाचतात तर दोन-तीन सेकंदांच्या रीडिंगचं मिडियन (मधला आकडा) काढ. अर्ध्या लिटरची पिशवी म्हटल्यावर दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे चालून जातात. फक्त या काट्यावर सुटं काही विकू नकोस, त्याला शिक्क्याचाच काटा लागतो.

पैशाचं म्हणशील तर आयपीओला अप्लाय करताना यूपीआयवर रक्कम ब्लॉक होते ना, तसं दार उघडायच्या आधी दोनशे ब्लॉक करायचे आणि बिलाएवढेच कापायचे, पेमेंट गेटवेवाले छोट्या दुकानाला हे देतात का ते आधी विचार. नाही दिलं तर सरळ सोसायटीतल्या ओळखीच्यांना प्रीपेड खातं उघडून दे.

वाणीदादा_बार्शी:
हे भारी आहे, खर्च किती आला ते इथे टाका. पण लाइट गेली की कुलूप उघडं राहणार का बंद?

लोडसेल_लंबोदर:
करंट दिल्यावर उघडणारं घ्यायचं दादा, म्हणजे लाइट गेली तरी बंदच. चुंबकवालं नको, ते लाइट जाताच सुटतं. आणि कंट्रोलरला छोटी बॅटरी लाव रे, नाहीतर कोणी दार उघडून उभा असताना लाइट गेली तर बिल हवेत.