नऊ खुर्च्या, सहा ताटं: मालवणच्या खाणावळीत कसं करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सांगलीहून सासरची माणसं आमच्याकडे कणकवलीला येणार आहेत. नोकरीमुळे आम्ही इथे राहतो, त्यामुळे मालवण दाखवायचं काम आमचंच. सकाळी लवकर निघून कसालमार्गे मालवण, होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी जेवण, थोडा वेळ तारकर्ली आणि दिवेलागणीला घरी परत, असा बेत आहे. गाडी भाड्याची सांगितली आहे.

अडचण जेवणाची आहे. आम्ही नऊ जण. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई, दोघींचा गुरुवारचा उपास. संध्याकाळी आमच्याकडेच घट मांडून पूजा होईल, कहाणी वाचून झाली की मग त्या जेवतील. तोवर फळं, दूध, एखादं सरबत, एवढंच. पुतणी तीन वर्षांची, ती आईच्या ताटातले दोन घास भात खाते आणि खेळायला पळते. नणंद शाकाहारी, ती जेवेल. उरलेले आम्ही पाच जण मासे खाणारे. मोठे दीर तर गेले पंधरा दिवस फोनवर सुरमईचीच चौकशी करतायत. म्हणजे बसायला खुर्च्या नऊ लागणार आणि ताटं लागणार सहा.

हे इतकं काटेकोर का विचारतेय ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्याच एका खाणावळीत आम्ही असेच गेलो होतो. सासूबाईंची एकादशी होती. आमची ताटं आली तशी वाढणारा मुलगा त्यांना म्हणाला, "जेवणार नसाल तर खुर्ची सोडा, बाहेर माणसं थांबलीत." त्या एक शब्द न बोलता उठल्या. बाहेर अंगणात पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. आतून त्या दिसत होत्या. सासऱ्यांनी समोरची भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि तशीच ताटात ठेवली. त्या दिवशी कुणालाच जेवण गेलं नाही.

मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले तेव्हा स्वयंपाकघर दिसलं. एक बाई रव्यात घोळवलेल्या तुकड्या तव्यावर परतत होत्या, दुसऱ्या ओल्या हाताने तांदळाची भाकरी थापत होत्या, एकीचा हात थांबला तर दुसरीचं काम अडत होतं. टेबलं सहा. अंगणात वहीत नावं लिहून थांबलेली माणसं त्याच्या तिप्पट. दुपारच्या दोन-अडीच तासांत त्यांचा दिवसाचा धंदा होतो हे मला तिथे उभं राहून कळलं. खुर्ची मोकळी हवी असणं मला पटलं. सत्तरीच्या बाईला ज्या तऱ्हेने उठवलं ते मला अजून पटत नाही.

घरात सल्ले भरपूर मिळाले. ह्यांचं म्हणणं, नऊच्या नऊ थाळ्या सांगून मोकळं व्हायचं, उरलं तर उरलं. मला ते सहन होत नाही. तळलेली तुकडी आणि भाताचा ढीग टाकून उठायचं, तेही मासळीला एवढा भाव असताना? धाकटी जाऊ म्हणते उपासवाल्या गाडीत थांबतील. डिसेंबर असला तरी मालवणात दुपारी उभ्या गाडीत तासभर बसवत नाही, आणि सासूबाईंचे गुडघे किल्ल्यावर चढउतर करून आल्यावर कसे असतील ते वेगळंच. शिवाय त्यांना एकटं बसवून आम्ही मासे खायचे, हे मला नकोच आहे. त्या स्वतः म्हणतात, "तुम्ही जेवा गं, मला माशाचा वास चालतो. मला तुमच्यात बसायचंय."

तर कृपया सांगा: आधी फोन करून नेमकं काय बोलायचं? उपासवाल्यांनी काय मागवलं म्हणजे खाणावळवाल्यांनाही बरं वाटेल? घरून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा नेला तर टेबलावर उघडायचा का? पुतणीला आईच्या ताटातलं भरवलं तर कुणी हरकत घेतं का? आणि घरातला एक नाजूक प्रश्न: मोठे दीर सगळ्या खर्चाची कॉन्ट्री माणशी काढतात. जाऊबाई जेवणार नाहीत, तरी त्यांच्या नावावर थाळी धरायची का?

सासऱ्यांना मधुमेह आहे, एकच्या आत त्यांच्यापुढे ताट यायला हवं. तेही लक्षात घेऊन सांगा.

प्रतिसाद – तारकर्लीहून, घरगुती खाणावळ चालवते

ताई, आधी सासूबाईंबद्दल वाईट वाटलं म्हणून सांगते. आमच्याकडे वयस्क माणूस दारात आलं की आधी "येवा, बसा" म्हणायची रीत आहे. गर्दीत वाढणाऱ्या पोरांच्या तोंडाला लगाम राहत नाही, पण तो मालकांनी घालायला हवा.

आता कामाचं. फोन आदल्या दिवशी संध्याकाळी करा, फार तर त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत. आम्ही मासळी सकाळी आणतो आणि किती तुकड्या लागतील त्याचा अंदाज तेव्हाच बांधतो. फोनवर माणसं किती ते एकटं सांगू नका. तुम्ही वर लिहिलंय तसंच बोला: "खुर्च्या नऊ, ताटं सहा, पाच माशांची, एक शाकाहारी, दोघी उपासाच्या, एक लहान मूल." असं कुणी सांगितलं की मला बरं वाटतं, कारण टेबलं कशी लावायची ते ठरवता येतं. आमच्याकडे आत जागा कमी पडली तर उपासवाल्यांना पडवीत, टेबलाला लागूनच खुर्च्या देते. माणसं एकमेकांशी बोलू शकतात आणि माझी जेवणाची जागाही अडत नाही.

वेळ: पावणेबाराला या. सासऱ्यांचंही जमेल. साडेबारा ते अडीच या वेळात रिकामी बसलेली खुर्ची आम्हाला जड जाते, कारण आमची विक्री ताटावर असते. बारा वाजता तीच खुर्ची अडवलीत तरी माझं काही म्हणणं नाही. किल्ल्यावर सकाळी पहिल्या होड्यांनी गेलात तर सहज जमेल.

उपासाला सोलकढी मागवू नका, घोटाळा होतो. त्यात नारळाचा रस आणि कोकमाचं आगळ, म्हणजे अर्क, असलं तरी लसूण-मिरची वाटून घातलेली असते. कोकम सरबत चालेल. काही जणींना उपासाला सैंधवच लागतं, तसं असेल तर मीठ न घालता द्या म्हणून सांगा. शहाळं आणून ठेवता येतं, केळी असतातच. दोन सरबतं आणि दोन शहाळी घेतली की खुर्चीचं देणं फिटलं, माझ्या हिशेबाने तरी.

डब्याचं म्हणाल तर उपासाचा आणि लहान मुलाचा डबा मी कधी अडवत नाही. "बाहेरचे पदार्थ आणू नयेत" ही पाटी आमच्याकडेही आहे. ती लोक चिकन आणि बाटल्या घेऊन बसतात म्हणून लावलीय. पण विचारून उघडा. ताट-वाटी आमची मागू नका, घरून आणा. आमच्या भांड्यांत मासळी असते, उपास तुमचा मोडेल आणि मन माझं खाईल.

मुलीला आईच्या ताटातलं खुशाल भरवा. भांडण होतं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. दोन धडधाकट माणसं एक थाळी घेतात, तळलेली तुकडी एकटा खातो आणि दुसरा भात, भाकरी, आमटी पुन्हा पुन्हा मागतो. थाळीत मोजलेली असते ती तुकडी. भात-आमटी वाढतो ते एका पोटाच्या अंदाजाने. तसं जेवायचं असेल तर एक थाळी आणि वर सुटी भाकरी, सुटा भात सांगा, कुणी नाही म्हणणार नाही. आणि भात, सोलकढी पुन्हा मिळते का, हे बसण्याआधीच विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

नणंदेला विचारून ठेवा की काळ्या वाटाण्याची उसळ चालते ना. आमच्याकडे घावणे-आंबोळीचा तवा वेगळा असतो, सगळीकडे असेलच असं नाही. त्यांना चालत नसेल तर फोनवरच बोला. ऐन गर्दीत तवा घासून द्या म्हटलं की स्वयंपाकघरात बाईचं डोकं फिरतं.

प्रतिसाद – मूळ मालवणचा, सध्या डोंबिवली

वरच्या ताईंचं बहुतेक सगळं पटलं, एक सोडून. उपासवाल्या आजींनी खुर्चीचं "देणं" फेडायला शहाळं प्यायचं, हे मला बरोबर वाटत नाही. सहा ताटं घेणाऱ्या कुटुंबात दोन माणसं नुसती बसली तर ती त्या सहा जणांचीच पाहुणी. आमच्या आजीच्या घरी आगंतुकालासुद्धा गूळपाणी मिळायचं. दारावर "घरगुती" लिहायचं तर तेवढं घर तिथे असायला हवं. पाचांतला एक जेवतो आणि चौघे पंख्याखाली मोबाइल चार्ज करत बसतात, तिथे मात्र मालकाने सरळ बोलावं. दोन्ही प्रसंग एका पाटीने हाकू नयेत.

धागाकर्तीला दोन गोष्टी. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे गुरुवारी शाकाहारी मागणं आणि उपासाला बसणं मालवणात कुणालाही नवीन नाही. संकोच सोडा.

दुसरं, गाडी भाड्याची आहे म्हणताय, म्हणजे ड्रायव्हर दहावा. तो तुमच्या हिशेबात दिसत नाही. काही खाणावळी गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला जेवण देतात, पण ते गृहीत धरू नका. त्याला सकाळीच विचारा, तुमच्यात बसणार की वेगळा जेवणार. पुष्कळ जण वेगळं बसणं पसंत करतात, त्यांना तेवढाच तासभर मोकळा मिळतो. पण विचारायचं, आणि त्याचं ताट कुणाकडे लागेल ते खाणावळीत आधीच बोलून ठेवायचं. तुमची जेवणं उरकेपर्यंत तो उपाशी गाडीत, असं होऊ नये.

प्रतिसाद – रत्नागिरीहून

खाणावळीऐवजी रिसॉर्टच्या रेस्टॉरंटमध्ये गेलात तर थोडं वेगळं असतं. तिथे बुफे असेल तर दर माणशी असतो. न जेवणाऱ्यांची मोजणी वेगळी ठेवा असं आत शिरतानाच सांगा आणि मग त्यांनी खरोखर दुसऱ्याच्या ताटातलं काही घेऊ नये, पापडसुद्धा. बिलात सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर ते काढायला सांगता येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढून ते परस्पर बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. घरगुती खाणावळीत हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे उलट वाढणाऱ्याच्या हातावर आपणहून काही ठेवा, तुमच्या तीन जास्तीच्या खुर्च्यांचा पसारा त्यानेच सांभाळलेला असतो.

कॉन्ट्रीबद्दल: थाळ्यांचा हिशेब गाडीभाड्याच्या हिशेबात मिसळू नका. गाडी, होडी, पार्किंग हे माणशी. जेवण ताटाप्रमाणे. सरबतं-शहाळी तुम्ही यजमान म्हणून द्या. जाऊबाईंच्या नावावर न खाल्लेली सुरमई लावली तर त्या बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रायव्हरदादांचं फार बरं झालं सांगितलंत, आजच त्यांना फोन केला. त्यांची ओळखीची खाणावळ बाजाराजवळ आहे, ते तिथे जेवणार, पैसे आमच्याकडून.

कॉन्ट्रीचं ह्यांच्याशी बोलले. मालवणातलं जेवण आमच्याकडून, असं ठरवलं. दिरांना तसं आधीच कळवणार, म्हणजे टेबलावर पाकिटं निघायला नकोत.

शहाळ्याबद्दल दोघांचंही म्हणणं वाचलं. मी घेणारच आहे. खाणावळवाल्या ताईंचं गणित मला समजतं, आणि सासूबाईंना शहाळं आवडतंही. पण कुणी ते त्यांच्याकडून भाडं म्हणून मागितलं तर मी तिथे बसणार नाही.

एका खाणावळीत फोन केला आणि अगदी "खुर्च्या नऊ, ताटं सहा" असंच बोलले. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "आजी असतली ना? मग खुर्ची नको, आत बाकडा आसा, पाय लांब करून बसतीत." डब्याचंही विचारलं, तर म्हणाल्या खिचडी आणा, केळी मी देते. पावणेबाराची वेळ दिलीय. एकच अडलंय: किल्ल्याची पहिली होडी साधारण किती वाजता सुटते आणि गुरुवारी सकाळी रांग असते का?

प्रतिसाद – मूळ मालवणचा, सध्या डोंबिवली

माणसं जमली की सोडतात, त्यामुळे आठ-साडेआठला जेटीवर असा. मार्गशीर्षात सहलींच्या बसेस येतात, दहानंतर रांग वाढते. ओहोटी असेल तर होडीत चढता-उतरताना आजींना दोघांनी धरा, आणि परतीची वेळ होडीवाल्याशी जातानाच ठरवून घ्या, नाहीतर पावणेबारा चुकतील.