पोथ्यांना कसर लागलीय, उपाय सांगा

मंडळी, मदत हवी आहे. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावरची आजोबांची ट्रंक उघडली. आत मराठी पोथ्या, आणि पानांतून सुळकन पळणारी चंदेरी कसर. 'कसर सोडली नाही' मधली कसर अरबीतून आलेली. या किड्यांनी मात्र ती म्हण अक्षरशः पाळलीय!

पोथ्यांपेक्षा जीव अडकलाय तो समासांत. तिथे आजोबांचे हिशेब आहेत: पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) नारळ किती दिले, वायंगणाचं (रब्बी हंगामाचं) भात किती खंडी आलं, कदेल दुरुस्त केली. (खुर्चीला घरात अजून कदेलच म्हणतात, पोर्तुगीज गेले १९६१ साली तरी.) शेवटच्या कोऱ्या पानावर तांबड्या शाईची वेलबुट्टी आहे, देवळांच्या चुन्याच्या भिंतीवर कावीकाम असतं ना, अगदी तशी.

भर जुलै, ऊन नाही. आई म्हणते वेखंड ठेव. कुणी सांगतं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे मासळी आहे, तो वेगळाच प्रश्न! पण ओल धरून शाई फुटेल का? डांबरगोळ्या चालतील? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा. देव बरें करूं.