कृषी केंद्रवाल्यानं स्वतःच्या नावानं ब्लॉग काढावा का? आणि नेटवर नाव चांगलं कसं ठेवायचं?

मन्याडकाठ:
रामराम मंडळी. माझं अहमदपूर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, बीएस्सी अ‍ॅग्री परभणीला केलंय. मृग लागला की मोबाईल हातातून सुटत नाही, सोयाबीनचं बी उगवलं नाही, शेंडा पिवळा पडायलाय, गोगलगायी लागल्यात, खोडातली कीड चक्रभुंगा आहे का खोडमाशी ते सांगा, तेच प्रश्न अन् तेच अंधुक फोटो आणि मी बी तेच व्हॉइस मेसेज दहा ग्रुपवर टाकायलो. ग्रुपवर लिहिलेलं चार दिवसात वर सरकून जातंय, पुन्हा कुणाला घावत नाही. परवा तर कहर झाला, माझाच फवारणीचा मेसेज नांदेडकडच्या कुठल्यातरी ग्रुपातून फिरत फिरत मलाच आला, खालचं माझं नाव काढलेलं आणि १५ लिटरच्या पंपाचं प्रमाण कुणीतरी बदललेलं. उद्या कुणाचं रान जळालं तर बोलणार कुणाला?

म्हणून वाटायलंय की स्वतःचा ब्लॉग असावा, मूळ लिखाण एका जागी राहील, लोकांना लिंक देता येईल. पण दुकानाच्या नावानं काढू का माझ्या? फुकटातलं चालतंय का पैसे घालावे लागतेत? गूगलवर माझं नाव टाकलं तर वेगळ्याच माणसाचं फेसबुक वर येतंय, नाव-आडनाव सेम, अन् त्याचा उद्योग म्हणजे दिवसभर राजकारणावर भांडणं. गिऱ्हाईक मला इचारतंय, साहेब तुम्ही लई तापट दिसता. आता काय सांगावं.

कापूसकोंड्या:
भाऊ ब्लॉग कोण वाचायलंय आता, २०१० गेलं. यूट्यूब काढा, दुकानासमोर उभं राहून दोन मिनिटं बोला, लोकं बघतेत. आमच्या शेजारच्या गावातल्या पोरानं ट्रॅक्टरचे रील टाकून नाव केलंय राव.

डीटीपीवाले_काका (परभणी):
कापूसकोंड्या, व्हिडिओ बघतेत हे खरंय पण व्हिडिओत प्रमाण शोधायला माणसाला पुढं-मागं सरकवत बसावं लागतं, रानात पंप भरताना एक ओळ पाहिजे असते. दोन्ही करा, पण घर लिखाणाचं असू द्या, व्हिडिओ त्यातच चिकटवता येतो.

मन्याडकाठ भाऊ, सुरुवातीला खर्च करू नका. ब्लॉगर फुकट आहे, गूगलनं २००३ ला घेतलेलं आहे, जुनं आणि साधं, मोबाईलवरून पण चालतं. वर्डप्रेसवाल्यांची फुकट जागा पण आहे, त्यात त्यांच्या जाहिराती येतात. पुढं जम बसला की स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, घ्या आणि ब्लॉगरलाच जोडा, होस्टिंगचे, म्हणजे साईट ठेवायच्या जागेचे, वेगळे पैसे लागत नाहीत. डोमेन घेताना पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षी काय लागणार ते आधी बघा आणि ते तुमच्याच ईमेलवर घ्या. साईट बनवून देणारा पोरगा स्वतःच्या खात्यावर घेतो, मग तो पुण्याला नोकरीला लागतो आणि इकडं फोन उचलत नाही, असे दोन दुकानदार मी रडताना पाहिलेत.

ब्लॉग तुमच्या नावानंच काढा, दुकानाचं नाव आत 'माझ्याबद्दल'च्या पानावर टाका. दुकान उद्या बदलेल, भागीदार निघेल, नाव तेच राहतं. त्या पानावर फोटो, शिक्षण, गाव, तालुका आणि दुकान कुठं आहे ते स्पष्ट लिहा. तुमचं ते सेमनाव प्रकरण पण यानंच हळूहळू सुटेल, कारण नाव अधिक गाव अधिक सोयाबीन असं एकत्र कुठं लिहिलेलंच नाही तर गूगल तरी काय दाखवणार? तो भांडखोर तिकडं राहील, तुम्ही तुमच्या नावापुढं गाव लावत चला, फेसबुक, यूट्यूब, गूगल मॅप सगळीकडं तेच नाव आणि तोच फोटो.

आता एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत लिहिलं की पोस्टच्या पत्त्यात 'ब्लॉग पोस्ट' आणि पुढं आकडे एवढंच येतं, सगळ्या पोस्टी सारख्याच दिसतात. म्हणून पब्लिश करायच्या आधी उजवीकडं पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा पत्ता, उघडून इंग्रजी अक्षरात सोयाबीन-गोगलगाय असलं काहीतरी घाला. वर्डप्रेसवर उलटं होतं, मराठी पत्ता व्हॉट्सअपवर टाकला की टक्क्याच्या खुणांची हातभर शेपटी होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे.

टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत. माझं आयुष्य श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फॉन्टात गेलं म्हणून सांगतो, त्या फॉन्टातलं नेटवर चिकटवलं की कचरा दिसतो आणि गूगललाही काही कळत नाही. फोनमधला मराठी कीबोर्ड बास आहे, बोलून टाईप केलं तरी चालेल पण नंतर वाचा, 'फवारणी'चं भलतंच काहीतरी झालेलं असतं.

शीर्षक लोक विचारतात तसं. 'सोयाबीनवरील पिवळा मोझॅक : एकात्मिक व्यवस्थापन' हे विद्यापीठाला शोभतं, शेतकरी टाकतो 'सोयाबीन पिवळं पडलं काय करावं'. तुमच्याकडं तर प्रश्न रोज आयते येतात, लोकांना विषय सुचत नाहीत म्हणून ब्लॉग बंद पडतात. आणि फोटो बारीक करून टाका, पाच एमबीचा फोटो वाडीवस्तीवर उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

सेलूची_ताई:
काकांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी वाचणाऱ्याच्या बाजूनं सांगते. घरची शेती मीच बघते आणि नेटवर शेतीचं बक्कळ वाचते. त्यातलं बहुतेक मी दोन ओळीत बंद करते, कारण तारीख नसते. अमुक जातीचं बी पेरा म्हणतात, पण कधी लिहिलंय, कुठल्या जिल्ह्यात, हलकं रान की भारी, पाऊस किती होता, काहीच नाही. विदर्भातली शिफारस, पश्चिम महाराष्ट्रातला फोटो आणि वाचणारी मी सेलूत.

तुम्ही अहमदपूरचे आहात ना, मग अहमदपूरचंच लिहा. आमच्या मंडळात अमुक तारखेपर्यंत एवढा पाऊस झालाय, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, मी तीन गावातले प्लॉट बघितले, एमएयूएस ७१ ही सोयाबीनची जात इथं अशी दिसायलीय, एमएयूएस ६१२ तिथं अशी दिसायलीय. एवढं छोटं लिहिणारा कुणी नसतोच. अख्ख्या महाराष्ट्राचा सल्लागार व्हायला जाऊ नका, ते काम करणारे लई झालेत.

घरचं बियाणं वापरणाऱ्यांसाठी उगवण चाचणीची पोस्ट पहिली टाका, मे महिन्यातच. ओल्या गोणपाटात शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत, गुंडाळून सावलीत, रोज पाणी शिंपडायचं, सत्तर आणि वर उगवले तर नेहमीचं प्रमाण, कमी उगवले तर बी वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बी पेरायचंच नाही. तुमच्या स्वतःच्या गोणपाटाचे फोटो रोजच्या रोज काढून टाका. दुकानदार असून बियाणं विकत घेऊ नका, आधी घरचं तपासा म्हणतोय, हे वाचून माणूस जो विश्वास ठेवतो तो कुठल्या जाहिरातीनं मिळत नाही. तुमचं गिऱ्हाईक चार पिशव्यांनी कमी होईल, होऊ द्या.

अजून एक. जुनी पोस्ट चुकीची ठरली तर गुपचूप पुसू नका. वर लिहा की अमुक तारखेला बदल केला, आधी असं लिहिलं होतं, आता असं. २०२२ ला लातूर-बीड-धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं तेव्हा लोकं काय काय टाकत होते, चुना टाका, मीठ टाका, अख्ख्या रानात. त्यातलं कुणी नंतर येऊन सांगितलं का की मीठ रानभर टाकलं तर जमिनीची वाट लागते? पोस्टी अजून तशाच फिरायल्यात. गुळाच्या पाण्यातले गोणपाट संध्याकाळी बांधावर टाकायचे आणि सकाळी गोगलगायी गोळा करून साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, मीठ बादलीत, रानात नाही. एवढा फरक लिहिणारा माणूस पाहिजे.

शेतकऱ्याचं नाव, फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. बी उगवलं नाही म्हणून कुणाच्या रानाचा फोटो टाकला आणि त्याच्या सोयऱ्यानं बघितला, तर गावात त्याची चेष्टा होते. रानाचा फोटो, नाव नको, गट नंबर तर नकोच.

मन्याडकाठ:
ताई, काका, लई उपकार. घरच्या बियाण्याचं पटलं, तसं तोंडानं सांगतोच मी, लिहिलं नव्हतं कधी. अजून दोन गोष्टी. एक, गूगल मॅपवर आमच्या दुकानाला कुणीतरी एक स्टार देऊन 'बोगस माल' लिहून गेलंय, त्या नावाचं गिऱ्हाईक आमच्या वहीत नाही. मित्र म्हणायलेत पन्नास पोरांना सांगून पाच स्टार मारून घे, खाली जातंय ते. दुसरं, एका कंपनीचा प्रतिनिधी म्हणायलाय ब्लॉग काढा, आमच्या पिकाच्या टॉनिकवर लिहा, स्कीममध्ये बसवतो, सहल आहे.

कोर्टाच्या_पायरीवर (लातूर):
पन्नास पोरांचा उद्योग करू नका. एकाच आठवड्यात, एकाच गावातून, 'छान सर्विस', 'नाईस शॉप' असली रांग लागली की शेंबडं पोरगं पण ओळखतं. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकच काढलंय, खोट्या अभिप्रायांचा त्रास केवढा झालाय ते त्यावरून समजा. त्या एक स्टारला एकदाच उत्तर द्या. 'आपलं नाव आमच्या नोंदीत सापडत नाही, बिल नंबर आणि तारीख कळवा, मालात दोष असेल तर आम्ही बघू.' बास. त्याखाली तो काही लिहो, दुसरं उत्तर नाही. पुढचा माणूस तो स्टार वाचत नाही, तुम्ही कसं बोलला ते वाचतो. खोटा वाटत असेल तर गूगलकडं रिपोर्ट करा, काढतील न काढतील. खरी गिऱ्हाईकं असतील त्यांना बिल देताना सांगा, वाटलं तर लिहा, एवढंच.

कंपनीचं. पैसे, सहल, फुकट माल, काहीही घेऊन लिहिलं तर ती जाहिरात आहे आणि तसं पोस्टच्या वरच ठळक लिहावं लागतं, तळाला बारीक अक्षरात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखापर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखापर्यंत, आणि जाहिरात करणाराही त्यात येतो. तुम्ही तर परवानाधारक विक्रेते, कीटकनाशकाबद्दल लिहिताना लेबल क्लेममध्ये, म्हणजे डब्यावर छापलेल्या मंजूर वापरात, जे पीक आणि जी कीड आहे त्याच्या बाहेर एक शब्द लिहू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं, लिहिलेलं स्क्रीनशॉटमध्ये राहतं.

आणि बी उगवलं नाही की कंपनीचं नाव घेऊन 'चोर आहेत' असली पोस्ट टाकायची खुमखुमी येते. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत आता ३५६ आहे, दोन वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यापेक्षा पोस्ट अशी करा की पिशवी, टॅग, बिल, थोडं बी जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते. हे जूनमध्ये शोधत फिरणारे कमी नाहीत आणि शेतकऱ्याला पैसे मिळाले तर याच कागदावर मिळतात.

कापूसकोंड्या:
एवढं कोण लिहीत बसणार राव, एआयला सांगा की, मिनिटात दहा पोस्टी देतंय मराठीत.

सेलूची_ताई:
देतंय, आणि दहाही पोस्टीत 'शेतकरी बांधवांनो, योग्य व्यवस्थापन अत्यंत महत्त्वाचे आहे' हेच असतंय. औषधाचं प्रमाण चुकलं तर ते एआय अहमदपूरला शिव्या खायला येणार आहे का? शुद्धलेखन तपासून घ्या वाटलं तर. बाकी भाऊंच्या व्हॉइस मेसेजमध्ये सगळा माल तयारच आहे, तेच ऐकून लिहून काढा, भाषा पण तीच ठेवा. 'खोड आतून पोखरलंय का बघा, उभं चिरा, अळी दिसली तर...' हे जसं सांगता तसंच. प्रमाणभाषेच्या नादी लागला की दोन पोस्टीत दम निघतो.

मन्याडकाठ:
ठरलं मग. माझ्या नावानं, ब्लॉगरवर, फुकटात. टॉनिकवाल्याला नाही म्हणून कळवलंय, तोंड वाकडं केलंय त्यानं, पण माल देणं थांबवणार नाही, धंदा त्यालाही पाहिजेच. पहिली पोस्ट उगवण चाचणी, दुसरी तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा त्याचा नमुना. त्या फिरणाऱ्या बदललेल्या मेसेजचं काय करावं?

डीटीपीवाले_काका (परभणी):
तो थांबणार नाही, मागं लागू नका. खरं प्रमाण लेबलवरच्या फोटोसकट ब्लॉगवर टाका, वर लिहा की या मजकुराची चुकीची नक्कल फिरत आहे, आणि आता इथून पुढं ग्रुपवर प्रमाण कधीच टाईप करायचं नाही, फक्त लिंक. कुणी विचारलं की लिंक. लोकं चिडतील थोडे दिवस, 'दोन शब्द सांगायला काय जातंय' म्हणतील, म्हणू द्या. आणि पब्लिश दाबायच्या आधी तेवढी पर्मालिंक बघा बरं का, लिंक एकदा ग्रुपात गेली आणि मग पत्ता बदलला तर ती जुनी लिंक उघडतच नाही.